इग्नायटर माझ्याकडं होता

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या पट्ट्यात कुठल्याही पुरुषाला काहीही विचारा, 'मला माहीत न्हाई' हे उत्तर मिळायचं नाही. पत्ता विचारून बघा. माणूस गाडीवरनं उतरेल, पाय रोवून उभा राहील, हात लांब करेल आणि तुम्हाला अशा गल्लीत पाठवेल, जिथं तो स्वतः जन्मात गेलेला नसतो. तुम्ही फिरून फिरून परत त्याच चौकात आलात, की तोच वर म्हणेल, "मग मी काय सांगून राहिलो होतो?" सोयाबीनचा भाव कुठं जाणार, कोर्टाचा निकाल काय लागणार, गुडघा कशानं दुखतो, सगळं ह्यांना पाठ. माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून अनुभवानं बोलते. चिठ्ठी माझ्या हातात देऊन कुठली गोळी कशाची, हे मलाच समजावून सांगणारे रोज भेटतात.

इंजिनाचं तर बोलूच नका. ज्यानं कधी काळी लुनाचा प्लग काढून पुसला, तो मरेपर्यंत इंजिनाचा सिव्हिल सर्जन. माझं लग्न ह्या एका रोगापायी मोडायला आलं होतं. आणि झालं तेही ह्याच रोगापायी, म्हणून सगळं पहिल्यापासनं सांगते.

आमच्या नांदेडच्या घरी एक गाडी होती. रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची. पण खेळणं म्हणायचं नाही हं. बॅटरीवर गुईं गुईं करत जाणारी ही नव्हे. हिला लिंबाएवढं का होईना, खरंखुरं इंजिन. नायट्रोचं इंजिन म्हणतात त्याला. धूर ओकणार, कान किटवणार आणि रिकाम्या मैदानात अशी सुटणार, की कुत्रीसुद्धा पाठलाग सोडून देतात. गाडी आणली माझ्या धाकट्या भावानं. तो नोकरीला बंगळूरला गेला आणि जाताना मला दम देऊन गेला, "ताई, हात लावू नको, तुला जमायचं न्हाई." झालं. हे वाक्य मला म्हणायला नको होतं.

मी व्हिडिओ बघितले, बोटं भाजून घेतली, किती प्लग जाळले देव जाणे. उन्हाळाभर नुसती ट्याँव करून बंद पडायची. पण दिवाळीपर्यंत मला तिचं मन कळायला लागलं. ह्या इंजिनाचं एक गुपित आहे आणि पुढची सगळी शोभा त्यावरच झाली, म्हणून आत्ताच समजून घ्या. ह्याला मोटारसायकलीसारखी ठिणगी नसते. ह्याच्या प्लगच्या पोटात केसाएवढ्या बारीक तारेचं वेटोळं असतं. चालू करताना टॉर्चसारखा एक दांडा, त्याला इग्नायटर म्हणतात, प्लगच्या डोक्यावर बसवायचा. आतल्या सेलनं ती तार लालबुंद होते. मग दोरी ओढायची, की इंजिन धरतं. एकदा धरलं की इग्नायटर काढून घेतला तरी ते आपल्याच गरमीनं चालू राहतं. पण सुरुवातीला इग्नायटर नसेल, तर तुम्ही दसऱ्यापर्यंत दोरी ओढत बसा, इंजिन हूं की चूं करायचं नाही.

तर दर रविवारी सकाळी मी बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात गाडी पळवायची. त्याचा बोभाटा व्हायचा तो झालाच. एक स्थळ आलं, नाश्ता करून गेलं आणि कळवलं, 'मुलगी मैदानावर गाड्या पळवती म्हणं.' जसं काही मी दारू गाळत होते. पुढच्यांनी विचारलं, "फार्मसी शिकली, बरं हाय. पण दुकानात बसायची न्हाई ना?" मी म्हणाले, बसणार. तेही गेले. त्यानंतरच्यांना मी काय म्हणाले ते आई अजून कुणाला सांगू देत नाही.

मग लातूरचं स्थळ आलं. आमचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, लातूरला असतात. त्यांनीच आणलं. मुलगा बियाणं तपासायच्या लॅबमध्ये. मुलाच्या वडिलांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत. आणि त्यांनी आपणहून निरोप दिला होता, की मुलगी शिकलेली हाय तर लातूरला तिचं स्वतःचं औषधाचं दुकान काढू दे, आपली रस्त्यावरची जागा रिकामीच हाय. खरं सांगते, मुलाचा फोटो बरा होता, पण माझा जीव त्या जागेवर जडला. बाबांच्या दुकानात मी किती वर्षं उभी होते, तरी गिऱ्हाईक यायचं ते "मालक कुठंयत?" विचारतच. मला माझं शटर हवं होतं. माझ्या नावाची पाटी हवी होती. हे स्थळ हातचं गेलं असतं, तर तसलं दुसरं आलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

आईलाही माहीत होतं. तिनं मला समोर बसवलं, माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "पाव्हणे जाईपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. गाडीचं तर नावच काढायचं न्हाई. घे शपथ." मी घेतली. गाडी जिन्याखाली पोत्यानं झाकली. इग्नायटर चार्जिंगला लावायचा राहिला होता, तो स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं लावून ठेवला.

पाव्हणे सकाळी येणार होते, ते दुपार टळल्यावर आले. जीपभर माणसं. त्यातली दोघं लक्षात ठेवा. एक मुलाचे वडील, पांढरंशुभ्र शर्ट-पायजमा, आवाज मोंढ्यातल्या लिलावाचा. लग्नानंतर मी त्यांना मामा म्हणते, म्हणून इथंही मामाच म्हणते. दुसरे मुलाचे दाजी, मुरुडचे. त्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे, त्यामुळं जगातलं कुठलंही इंजिन त्यांना आपलंच वाटतं. मुलगा म्हणाल तर पोह्यांची बशी मांडीवर घेऊन नुसता फरशीकडं बघत होता. मी ट्रे घेऊन गेले, बसले, "स्वयंपाक येतो का?" ह्याला मान हलवली आणि आत आले. मनात म्हटलं, मुखदुर्बळ दिसतो. बरंच आहे, दुकानात येऊन कटकट करणार नाही.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. पण मग बोलायचे विषय संपले. पाऊस झाला, लोह्याजवळचे खड्डे झाले, उसाला दर झाला. मामा हात धुवायला मागं गेले. आता मुलगी बघायला आलेला माणूस मुलगी सोडून घरातलं सगळं बघतो. मामांनी पाण्याचा हौद बघितला, जिना बघितला आणि जिन्याखालचं पोतं उचललं.

"हे काय हाय?"

बाबा पळत गेले. "पोराची हाय. बंगळूरला असतो तो. जुनं खेळणं."

"चालती का?"

दोनच दिवसांपूर्वी मी ती पळवलेली. धुराच्या वासानं बाबांनीच नाक दाबलं होतं. पण मुलीचा बाप म्हणजे काय, पाठीचा कणा काढून ठेवलेला माणूस. ते म्हणाले, "चालायची की... पहिलं."

"म्हंजे बंद पडून हाय! आणा भाईर. जावईबापू, या इकडं. बघू काय झालंय ते."

काय झालंय! काही झालं नव्हतं हो. ठणठणीत इंजिन, पण एकदा ते आजारी ठरलं म्हटल्यावर वैद्यांना कोण अडवणार? दाजींनी बाह्या वर केल्या. गाडी अंगणात आली. स्वयंपाकघराची खिडकी अंगणावरच उघडते, मी तिथं उभी. मामांनी दोरी ओढली, दाजींनी ओढली, काकांनी ओढली. इंजिन गप्प. ते बोलणारच नव्हतं. बोलायला लावणारा इग्नायटर माझ्या हातात होता, चार्ज होऊन तयार.

मी आईला म्हणाले, "मी नुसता नेऊन देते. बोलत न्हाई."

"मग ते विचारतील, हे कशाचं. मग तू सांगशील. मग तुझं सुरू होईल." आई पोळपाटावरनं मान वर न करता म्हणाली. आई मला ओळखून आहे.

"कॉम्प्रेशन लई हाय," मामा बाहेर म्हणाले.

"कॉम्प्रेशनच न्हाई, मामा. म्हणून तर धरंना," दाजी म्हणाले.

"हाव, हाव," बाबा दोघांनाही म्हणाले.

तेवढ्यात भिंतीवरनं शेजारच्या चाचांनी डोकं काढलं. चाचांचं शिलाईचं दुकान आमच्या दुकानाला लागूनच. मैदानावर मला बघणाऱ्यांत ते पहिले. "क्या हुआ? चालू नै होरी?" त्यांनी विचारलं आणि सरळ मनानं पुढं म्हणाले, "अरे, तो बेटी कू बुलाव ना, उसकू सब..." बाबांना असा काही खोकला लागला, की मामांनी त्यांची पाठ चोळली. चाचा समजायचं ते समजले आणि म्हणाले, "नै, मैं बोल रा था, बेटी कू बोलो चाय लाने कू." खोकला थांबला.

मग शस्त्रक्रिया सुरू झाली. इंजिनाच्या बाजूला दोन-तीन बारीक स्क्रू असतात, हवा आणि तेल किती जायचं ते ठरवणारे. मी त्यांची जागा शोधायला अख्खा उन्हाळा घालवला होता. दाजींनी पेचकस घेतला आणि सगळे पिळून काढले, नळाचा वॉशर बदलतात तसे. "सेटिंग गेलं होतं," ते म्हणाले. मग त्यांना एक रबरी नळी दिसली. "ही उगंच हाय," म्हणून ती उपटली, तोंडात धरून फुंकली आणि तशीच लोंबत सोडली. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

मामांनी टाकीचं झाकण उघडून हुंगलं. "एरंडेल! अहो, कुणीतरी गाडीला एरंडेल पाजलंय!"

"जुलाब लागतील की," दाजी म्हणाले आणि सगळं अंगण खदखदून हसलं. बाबाही हसले. बाबा औषधाच्या दुकानाचे मालक, ह्या इंजिनाच्या तेलात एरंडेल असतंच, हे मी त्यांना जेवताना ऐकवलेलं. तरी हसले. त्यांच्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मग काय, मोटारसायकलीतलं पेट्रोल काढून टाकीतल्या तेलातच ओतलं. दोरी ओढली, ओढली, ओढली. शेवटी इंजिनात एवढं पेट्रोल तुंबलं, की दोरी जागची हलेना. "जाम हाय. म्हणलं न्हवतं, जाम हाय?" मामा म्हणाले. हे ते कधीच म्हणाले नव्हते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्याकडं अति शहाण्यांची जीपच भरून आली होती.

"प्लग काढा," दाजी म्हणाले. काढला. सगळ्यांनी तो उन्हात धरून बघितला. "आत कचरा हाय बघा. तारेचा तुकडा अडकलाय. पिन आणा."

काका खिडकीपाशी आले. "पोरी, एक पिन दे बरं."

मी पदराची पिन काढून दिली. कशाला हवी ते माझ्या लक्षात यायच्या आत मामांनी ती प्लगमध्ये खुपसली, जीभ दाताखाली धरून कोरकोर कोरलं आणि इंजिनाचा जीव असलेलं ते बारीक तारेचं वेटोळं उपसून बोटावर घेतलं. "हे बघा! एवढासा कचरा, आन् आख्खं इंजिन बंद!" सगळ्यांनी मान डोलावली. बाबांनीसुद्धा. माझ्याच पदराची पिन होती हो ती. मला वाटलं, आता रडू येणार. पण दुसऱ्या प्लगची डबी पिठाच्या डब्यामागं होती. मी स्वतःला म्हणाले, गप. प्लग मिळतो. दुकान मिळत नाही. गप बस.

मी बसले असते. देवाशपथ बसले असते. पण प्लग परत लावला, तरीही काही होईना, तेव्हा दाजींनी खिशातनं काडेपेटी काढली आणि काडी ओढायला घेतली. "ठिणगी येत न्हाई ना? आपण आत काडी धरून बघू, पेट घेतंय का."

मी कशी अंगणात गेले ते मला आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो, कारण तो चाचांच्या दुकानापर्यंत गेला. "काडी टाका खाली! ह्या तेलाची आग उन्हात दिसतसुद्धा न्हाई. आपण पेटलोय, हे तुम्हाला पायजमा जळल्यावर कळंल!"

दाजींनी काडी टाकली. मला थांबता आलं असतं तर तिथंच थांबले असते. पण सुटले. "इंजिनाला काही म्हणजे काही झालं न्हवतं! जे झालं ते तुम्ही केलं. कचरा म्हणून काढला तो कचरा न्हवता, तीच तार तापून इंजिन चालतं. आणि एरंडेलाला हसता? ते लागतंच ह्याला. कळत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

काका आकाशाकडं बघत होते. आई दारात उभी होती, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, जिथं माझी शपथ होती नेमकी तिथंच. मामांनी मला खालपासनं वरपर्यंत न्याहाळलं. "असं हाय व्हय? मग चालू करून दाव."

"दावते."

मी पेट्रोल ओतून काढलं, टाकी धुतली, आमचं गुलाबी तेल भरलं. गाडी उलटी धरून तुंबलेलं सगळं झटकलं, नवा प्लग लावला, स्क्रू अंदाजानं जागेवर आणले. इग्नायटर बसवला. दोरी ओढली. फट् फट् फट्... बंद. परत ओढली. फट् फट्, बंद. चिडून ओढली, तरी तेच. मागनं दाजी हळूच म्हणाले, पण मला ऐकू येईल इतपतच हळू, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुकान गेलंच होतं, आता इज्जतही गेली आणि इंजिनही.

तेव्हा तो मुलगा हौदापासनं पुढं आला. तोपर्यंत तो तिथं आहे हे मी विसरूनच गेले होते. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मला यातलं काही कळत न्हाई. तुम्ही काय करून राहिलात, ते पहिल्यापासनं सांगता का?"

त्याच्या वडिलांचं तोंड असं झालं, जसं पोरानं चारचौघांत पायजमाच सोडला. मला तर आधी वाटलं थट्टा करतोय. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खरंच कळत नव्हतं बिचाऱ्याला, आणि तो तसं म्हणत होता. मोठ्यानं. मराठवाड्यात. सोयऱ्यांसमोर.

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. "हा प्लग. हा तार तापवायचा दांडा. इथनं हवा जाते. ही टाकी. टाकीतलं तेल आपोआप पुढं येत न्हाई, त्याला मागनं दाब लागतो. म्हणून सायलेन्सरमधून एक नळी टाकीला येते, धुराचा दाब..." आणि मी थांबले. नळी लोंबत होती. दाजींनी फुंकून सोडलेली. रागाच्या भरात माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. चार माणसांना खोटं पाडायच्या नादात बघायचंच राहिलं, आणि एका माणसाला खरं सांगताना सापडलं.

नळी लावली. तो म्हणाला, "मी काय धरू?" मी म्हणाले, "मागची चाकं उचलून धरा, नाहीतर पळंल." त्यानं धरली. मी दोरी ओढली. इंजिन असं कडाडलं, की चाचा भिंतीपलीकडं खाली बसले. निळा धूर सगळ्या अंगणभर, आणि सायलेन्सरमधनं उडालेल्या एरंडेलाचे थेंब मामांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर. त्या आवाजातही मामा सगळ्यांना ओरडून सांगत होते. काय, ते मला ओठांवरनं कळलं, "म्हणलं न्हवतं? कचरा होता आत!"

जीप होय-नाही न सांगता निघून गेली. आई माझ्याशी बोलली नाही. बाबा तेवढे जेवताना पुटपुटले, "आवाज लई झकास आला पण इंजिनाचा." मी म्हणाले, "मग एरंडेलाला हसलात कशाला?" त्यांनी भातावर आणखी वरण ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानावर फोन आला, काकांचा नव्हे, मुलाचा. म्हणाला, लोहा आलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, लातूर येईपर्यंत सगळे मलाच बोलत होते. तुमच्याबद्दल एक शब्द नाही. पोरगी जरा तिखट हाय, चालायचं. पण तू? चार माणसांत 'कळत न्हाई' म्हणतोस? बापाची मान खाली घातलीस. दाजी तर म्हणाले, येत नसलं तरी हात लावायचा असतो, लोकं बघतात.

मला इतकं हसू आलं, की गिऱ्हाईक बघायला लागलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, खरंच कळत न्हवतं."

मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं, हेच स्थळ. आदल्या दिवसापर्यंत मला दुकान हवं होतं. आता दुकान नसतं दिलं तरी मला हा माणूस हवा होता. जन्मभर कानावर पडत राहावं असं दुसरं वाक्य मी कुठल्या पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. होकार आमचाच आधी गेला. त्यांनी का हो म्हटलं, ते काकांनी नंतर सांगितलं. मामा म्हणाले होते, "पोरगं भोळं हाय, पोरगी खमकी हाय, जमंल."

आणि जमलं. लातूरला दुकान निघालं, पाटी माझ्या नावाची लागली. गाडीही माझ्या सामानात आली. भावानं "जमलं की तुला" म्हणून सोडून दिली. रविवारी आम्ही दोघं ती गावाबाहेर नेतो. नवरा विचारत विचारत सगळं शिकला. आता नुसत्या आवाजावरनं सांगतो, तेल कमी पडतंय की जास्त. प्लग डोळे झाकून बदलतो. माझ्यापेक्षा हात हलका आहे त्याचा, आणि हे मी कुणाच्या समोर कबूल करत नाही.

मामा रोज संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना ती गोष्ट सांगतात. पहिल्यांदा सांगितली तेव्हा कचरा त्यांनी काढला आणि इंजिन सुनेनं चालू केलं. पुढं दोघांनी मिळून चालू केलं. मग सून चहा घेऊन आली तेव्हा इंजिन चालूच होतं. हल्ली मी त्या गोष्टीत आतल्या खोलीत रडत बसलेली असते, आणि मामा पिन मागवतात, कचरा काढतात, एका ओढीत इंजिन धडाडतं आणि माझे बाबा त्यांच्या पाया पडतात. आधी मी हसायची. मग गोळ्या मोजताना चुकायला लागले.

मागच्या रविवारी धर्माबादचे पाव्हणे जेवायला होते. मामांनी पहिल्याच घासाला गोष्ट सुरू केली. पिन आली, कचरा निघाला, इंजिन धडाडलं. पाव्हण्यांतले एक म्हातारे जरा चौकस. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "तू होतास ना तिथं? खरं का रे, बापानंच चालू केलं?"

मी पोळी वाढायला वाकले होते, तशीच थांबले. नवऱ्यानं बापाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि हसून म्हणाला, "मला यातलं काही कळत न्हाई."

सगळे हसले. मामांनी मांडीवर थाप मारली. तेच वाक्य, तोच मऊ आवाज. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. माहीत नसताना 'माहीत न्हाई' म्हणायला छाती लागते. माहीत असताना तेच म्हणायला काही लागत नाही, नुसता जेवायचा पाट लागतो. ज्या वाक्यावर मी लग्न केलं, ते माझ्याच ताटाशी बसून मला फसवत होतं.

जेवणं झाल्यावर गाडी आणून अंगणात ठेवली आणि पदर नीट करून म्हणाले, "मामा, पाव्हण्यांना एकदा चालू करून दावा की. नुसतं ऐकून काय मजा?"

"हात्तिच्या! आत्ता दावतो," मामा म्हणाले आणि बाह्या वर केल्या.

मी आत आले, स्वतःपुरता चहा टाकला आणि खिडकीपाशी बसले. बाहेर दोरीची खर्र खर्र सुरू झाली. थोड्या वेळानं धर्माबादचे म्हणाले, "कॉम्प्रेशन लई हाय." मग कुणीतरी म्हणालं, "प्लग काढा." मग मामांचा आवाज आला, "सूनबाई, पिन दे गं एक!" मी ऐकलंच नाही.

नवरा आत आला. माझ्यासमोर उभा राहिला. त्याला बरोब्बर माहीत होतं काय हवंय ते, आणि ते माझ्या कमरेला खोचलेलं होतं. बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "इग्नायटर कुठाय?"

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मला माहीत न्हाई."

बाहेर मामा दोरी ओढून राहिले होते.